गवत की खडी?

कॅरॅव्हॅनमध्ये सामानाला जागा नसते, किस्से मात्र कितीही मावतात. आम्हा न्युरेम्बर्गच्या मराठी मंडळींचे बहुतेक किस्से एकाच प्रश्नावरून सुरू होतात. कॅम्पिंगच्या रिसेप्शनवर विचारतात, ‘‘जागा गवतावर हवी की खडीवर?’’ आणि आमच्यात जुंपते!

*

शरदकाका कायम खडीवाले. गाड्यांचे इंजिनिअर. एक्सल, वजन, चाकांची पकड असलं सगळं ऐकवायचे. मी दहा वर्षं पाचगणीच्या वसतिगृहात शिकून परतलेली, डोक्यात माती, झाडं आणि लांबलचक भाषणं.

‘‘काका, पाचशे किलोमीटर येऊन शेवटी पार्किंगमध्येच राहायचं?’’

‘‘हो. पार्किंगमधून निदान बाहेर पडता येतं!’’

त्यांच्या पत्नी नीलाकाकू नुसत्या हसायच्या.

*

एकदा मी जिंकले. गवत घेतलं आणि दोन दिवस पाऊस! कॅरॅव्हॅनची चाकं अर्धी चिखलात. ओढून काढायला ट्रॅक्टर घेऊन आलेल्या जर्मन आजोबांनी काकांना विचारलं, ‘‘इंजिनिअर?’’

काका पुटपुटले, ‘‘हो.’’

‘‘गेनाऊ, बरोबर ओळखलं,’’ म्हणत आजोबांनी दोर बांधला.

*

खडीचेही हाल कमी नाहीत. तिथे कॅरॅव्हॅनपुढच्या कापडी मांडवाच्या खुंट्या शिरत नाहीत. बाबांनी अकरा वाकवल्या. शेवटी शेजारचा जर्मन ड्रिल घेऊन आला, एक भोक पाडलं, घड्याळ बघितलं. एक वाजला होता. दुपारी एक ते तीन कॅम्पवर सक्तीची शांतता! तो ड्रिल घेऊन परत गेला. आम्ही दोन तास एका खुंटीवरचा मांडव हातांनी धरून बसलो.

*

तरी मी सुधारले नाही. मागच्या जूनमध्ये पुन्हा गवत घ्यायला लावलं आणि वर सगळ्यांना फर्मान सोडलं, ‘‘अनवाणी चाला! जमिनीशी नातंच तुटलंय आपलं!’’

सगळ्यात आधी काकूंनी बूट काढले.

‘‘नीला, बूट घाल!’’ काका ओरडले.

‘‘काका, इथे तरी त्यांना मोकळं सोडा!’’ मी म्हणाले.

काकू सगळ्यांना पोहे वाढत फिरल्या. आमच्यातली सात वर्षांची ईरा एकदम किंचाळली, ‘‘दा इस्ट ब्लूट! रक्त!’’ गवतावर रक्ताच्या ठशांची रांग होती. कुणाची तरी विसरलेली खुंटी गवतात उभी होती.

काकू पोह्यांचं पातेलं धरून म्हणाल्या, ‘‘अगंबाई, कुणाला लागलं?’’

*

मधुमेहाने काकूंचे पाय बधिर झाले होते. कुणाला सांगायचं नाही, अशी त्यांनी काकांना शपथ घातली होती. म्हणून इतकी वर्षं खडी; तिथे कुणी बूट काढत नाही.

जखम चिघळली. दोन बोटं काढावी लागली. मी माफीचं भाषण पाठ करून हॉस्पिटलमध्ये गेले.

‘‘भाषण नको,’’ काकू म्हणाल्या. ‘‘डब्यात काय आणलंयस?’’

काका खिडकीबाहेर बघत राहिले. त्यानंतर कितीतरी महिने ते माझ्याशी बोलले नाहीत.

*

या मे महिन्यात पहिल्यांदाच पुन्हा सगळे निघालो. रिसेप्शनवर नेहमीचा प्रश्न आला. माझी मान खाली.

‘‘खडी,’’ काका म्हणाले.

‘‘अहो, गवत सांगा,’’ गाडीतून काकू म्हणाल्या.

‘‘नीला...’’

‘‘गवत.’’

काकांनी कॅरॅव्हॅन गवतावर लावली. मग ते गुडघ्यांवर बसले आणि पायरीपुढचं गवत हातांनी चाचपू लागले. मीही त्यांच्या शेजारी बसले. इंच न इंच चाचपला. काका म्हणाले, ‘‘तिकडचं बघ. मी इकडचं बघतो.’’

काकू पायरीवर बसल्या. जाड तळव्यांचे बूट काढले, मोजे काढले. दोन्ही पाय ओल्या गवतावर ठेवले आणि बराच वेळ पायांकडे बघत राहिल्या.

मग मला विचारलं, ‘‘गार आहे का गं?’’