पिवळ्या फुलांचा पिंपळ

येरवड्यात आमच्या गल्लीच्या टोकाला एक छोटं बुद्धविहार आहे. बाबा कारखान्यातून निवृत्त झाले, त्या वर्षी त्यांनी त्याच्या अंगणात पिंपळाचं रोप लावलं. नर्सरीतून रिक्षात मांडीवर धरून आणलं होतं. पानं बदामाच्या आकाराची, फक्त टोकाची शेपटी आखूड. "लहान आहे अजून," बाबा म्हणाले, "वाढेल."

झाड वाढलं, शेपट्या काही वाढल्या नाहीत. वंदनेनंतर लोक त्याच्या सावलीत बसू लागले. मग एका सकाळी आईचा मला कोथरूडला फोन आला. "अगं, आपल्या पिंपळाला फुलं आलीत! पिवळीधमक, भेंडीसारखी. तुझे बाबा तेव्हापासून झाडाखालीच उभे आहेत."

संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर गेले, तर फुलं लालसर. "सकाळी पिवळी होती गं, शपथ," आई म्हणाली. एक डहाळी घेऊन मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीचं घर गाठलं.

"परस पिंपळ," ती म्हणाली. "नावापुरता पिंपळ. खरा पिंपळ वडा-उंबरांच्या कुळातला. हा भेंडी, कापूस, जास्वंदीचा भाऊबंद. आधी याला जास्वंदीच्याच प्रजातीत धरायचे, नंतर वेगळा काढला. फुलं सकाळी पिवळी, संध्याकाळी लाल."

"पण मूळचा कुठला?"

"समुद्रकाठचा. बिया पाण्यावर तरंगत कुठल्या कुठल्या किनाऱ्यांना लागतात."

"येरवड्यात कुठला समुद्र?"

"माणसांनी आणला. रस्त्याकडेला लावतात."

परत येऊन मी सांगितलेलं सगळं बाबांनी ऐकून घेतलं. "म्हणजे इतकी वर्षं आपण भेंडीपुढे हात जोडले?"

"हात बुद्धांपुढे जोडले," आई म्हणाली.

"ते खरंय. पण मग हे झाड आपलं कोण?"

आई माझ्याकडे बघायला लागली.

विहारात बैठक झाली. कुणी म्हणालं तोडा, कुणी म्हणालं सावली कशाला घालवता. शेवटी झाड राहिलं, आणि बाबांनी शेजारच्या कोपऱ्यात खरा पिंपळ लावला. या खेपेला पानांची टोकं मला तीनदा बघायला लावली.

आता पौर्णिमेला बायका मेणबत्त्या घेऊन येतात आणि विचारतात, "काका, कुठल्या झाडापाशी लावू?"

बाबा इकडे बघतात, तिकडे बघतात, आणि आईला हाक मारतात.