गोदावरीबाईंचे तीस सेकंद

जिल्हा परिषदेत तीस वर्षं टाइपरायटर बडवून निवृत्त झालेल्या गोदावरीबाईंना सावकाश हा शब्द माहीतच नव्हता. पंचवटीत त्यांचे दीर ढुंढिराज गुरुजी यांच्याकडे पितृपक्षात ईमेलची रीघ लागे, आणि सगळी उत्तरं बाई एकट्या देत. गुरुजींच्या सुनेनं, तेजश्रीनं, त्यांना कॉम्प्युटरच्या युक्त्या शिकवल्या होत्या. 'श्रा' टाइप केलं की श्राद्धाचं अख्खं पत्र उमटे, 'जप' टाइप केलं की जपाचं. मध्ये फक्त नाव भरायचं. पाठवलेलं पत्र तीस सेकंदांच्या आत परत घेता येईल अशी सोयही तिनं करून दिली, तेव्हा मात्र बाई उखडल्या. वेळ वाचवायला शिकवतेस आणि वर अर्धं मिनिट खोळंबा कशाला, म्हणाल्या. तेजश्रीनं वाद घातला नाही. बरं, पाच सेकंद करते, एवढंच म्हणाली.

त्या दिवशी दुपारपर्यंत सत्तावीस पत्रं हातावेगळी झाली, सगळी श्राद्धाची. अठ्ठाविसावं सातपूरच्या अश्विनचं होतं. वडील खंडेराव द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात व्हेंटिलेटरवर होते. महामृत्युंजय जप करायचा आहे, लगेच कळवा, आई शेजारीच बसली आहे, तुमचं उत्तर तिला वाचून दाखवतो, असं त्यानं लिहिलं होतं. बाईंना गलबलून आलं, म्हणून उत्तर त्यांनी आणखीच झपाट्यानं पाठवलं.

मग पडद्यावर त्यांचंच पत्र त्यांना दिसलं. 'कै. खंडेराव यांच्या श्राद्धासाठी...'

सवयीचा हात सवयीच्या वाटेनं गेला होता. 'कै.' पुढच्या रिकाम्या जागी जिवंत माणसाचं नाव बाईंनी आपल्याच बोटांनी भरलं होतं. आता तो पोरगा मोबाइल उघडेल, आईपुढे मोठ्यानं वाचायला लागेल, आणि पहिल्याच शब्दाला त्या माउलीचं काय होईल? पाच सेकंद तर कधीच सरले होते. आपल्या घाईनं एका बाईचं कुंकू पुसलं, असंच त्यांना वाटलं. त्यांनी तेजश्रीला हाक मारली. ती धावत आली, तिनं पडद्याकडे एकदाच पाहिलं.

"काकू, खाली ते 'परत घ्या' दिसतंय ना? दाबा."

"पाच सेकंद केव्हाच होऊन गेले गं."

"आधी दाबा."

बाईंनी दाबलं. पत्र परत आलं.

"मी पाच केलंच नव्हतं," तेजश्री हळूच म्हणाली. "तीसच ठेवलं होतं."

एरवी अशा खोटेपणावर बाईंनी तिला फाडून खाल्लं असतं. आज त्यांनी तिचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

जपाचं पत्र दोन अक्षरांवर तयार होतं, पण बाईंनी ते घेतलं नाही. एकेक शब्द बघत नवं पत्र लिहिलं. 'श्री. खंडेराव' यातलं 'श्री' तीनदा तपासलं. बारा मिनिटं लागली. साठ शब्दांच्या वेगाची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालेल्या बाईंना एवढा वेळ आयुष्यात लागला नव्हता.

संध्याकाळी अश्विनचं उत्तर आलं. आईनं तुमचं पत्र दोनदा वाचायला लावलं, बाबांचं नाव आलं की ती हात जोडते, असं त्यात होतं.

बाईंनी पदरानं डोळे टिपले आणि तेजश्रीला विचारलं, "त्या तिसाचे साठ होतात का गं?"