एक विनम्र चेष्टा

वाचनालयाच्या वरच्या दोन खोल्यांना रंगीत काचांची तावदाने होती. थंडीतल्या दुपारी त्यांतून उतरणारा प्रकाश तांबडा, पिवळा, हिरवा असा सुटा होऊन फरशीवर पडे. मी तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. प्रकाशाचे नियम मला तोंडपाठ होते. तरीही त्या खोलीत पाऊल टाकले की मी काही मोजत नसे.

एका कलामंडळाने दोन कलावंतांना हिवाळ्याचे तीन महिने राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत, या दोन खोल्यांत राहायला पाठवले होते. एक वृद्ध मूर्तिकार आणि एक तिशीतल्या चित्रकार बाई. अट एवढीच, की दर गुरुवारी दार उघडे ठेवायचे आणि येईल त्याला काम दाखवायचे. मूर्तिकारबाबा येणाऱ्याच्या हातात मातीचा गोळा ठेवत आणि पुन्हा आपल्या कामाला लागत. चित्रकार बाईंना आम्ही दीदी म्हणत असू. त्या माणसाला समोर बसवून त्याचा चेहरा काढत. त्या दूर उत्तरेकडच्या. त्यांची हिंदी आमच्या बाजारातल्या हिंदीपेक्षा निराळी, निवडून धुतलेल्या तांदळासारखी. मी त्यांच्यासाठी जवसाच्या तेलात रंग खलत बसे, आणि रस्त्यावरच्या फेरीवाल्यांचे आवाज पाण्याखालून यावेत तसे वर येत.

यात माझा स्वार्थ होता. मला एम.एस्सी.साठी बनारसला जायचे होते. मध्यभारताचे सचिवालय हिवाळ्यात ग्वाल्हेरला जाई आणि त्याबरोबर वडीलही. तिथून त्यांनी कळवले होते, “तुझी आई म्हणेल तसे.” आणि आई म्हणाली होती, “त्या बाई परक्या गावात एकट्या राहताहेत ना? त्या जातील तेव्हा गल्ली त्यांच्याबद्दल काय बोलते ते बघू. मग सांगते.” माझ्या भवितव्याचा प्रयोग अशा रीतीने दुसऱ्याच एका स्त्रीवर चालला होता.

आणि गल्ली म्हणजे रिसालदारीणकाकू. त्यांचे यजमान दरबारच्या घोडदळात होते. यजमान गेले, दरबारही गेला. काकूंचा हुकूम मात्र अजून चाले.

रथसप्तमीला वाचनालयाच्या खालच्या दालनात हळदीकुंकू होते. त्याच दिवशी चेहऱ्यांचे प्रदर्शन ठरले. आदल्या संध्याकाळी दीदींनी पाटी रंगवली आणि मला विचारले, “ठीक है न?” मी ऱ्हस्व-दीर्घ तपासले. “एकदम ठीक,” म्हणाले.

पाटीवर लिहिले होते: ‘आपके मोहल्ले के चेहरे, एक विनम्र चेष्टा’.

दुसऱ्या दिवशी बायका पाटीपाशी आल्या आणि थबकल्या.

“चेष्टा?”

“आणि तीसुद्धा विनम्र हो!”

काकू स्वतःच्या चित्रासमोर उभ्या राहिल्या. दीदींनी ओठांवर हिरवट सावली टाकली होती.

“ह्या मिशा कुणाच्या?”

“रिसालदारसाहेबांच्या असतील, काकू. वारसाहक्काने,” मागून कोणीतरी म्हणाले. हशा पिकला. काकूंनी पदर सावरला आणि दीदींकडे वळल्या.

“बाईजी, हमने तुमको तीळगूळ दिया, सामने बैठे, मान अवघडून गई, और तुमने हमारी चेष्टा की?”

दीदींचा चेहरा उजळला. “जी! तीन महीने मैंने बस यही चेष्टा की है।”

“ऐका! तीन महिने!”

“और आगे भी करती रहूँगी।”

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले. एकाच नावाच्या चिठ्ठीच्या दोन बाटल्या होत्या, आत निरनिराळे द्रव, आणि मी चिठ्ठी वाचून मोकळी झाले होते. मी घाईने पुढे झाले. “काकू, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. त्यांनी टिंगल केलेली नाही. पाटी मी तपासली होती, चूक माझी आहे.” मग दीदींना हिंदीत सांगितले. त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि त्या भिंतीवरून काकूंचे चित्र उतरवायला लागल्या. माझे स्पष्टीकरण अचूक होते, आणि त्याने एकाही चेहऱ्यावरची अढी गेली नाही. कुंकवाच्या तबकाशी आई उभी होती. ती माझ्याकडे पाहत होती. रागाने नव्हे, निकाल वाचावा तशी.

“उतारो मत,” काकू म्हणाल्या. “बैठो इधर.”

सकाळी सूर्याचा रथ काढून उरलेल्या रांगोळीचा डबा कोपऱ्यात होता. काकूंनी तो ओढला आणि गुडघ्यावर हात टेकून फरशीवर बसल्या.

“अब हम तुम्हारी चेष्टा करते हैं।”

“कुठली, काकू? मराठी की हिंदी?” मागून पुन्हा कोणीतरी विचारले.

“बघू, कशी उतरते ती.”

त्यांच्या चिमटीतून पांढरी रेघ सुटू लागली. मूर्तिकारबाबा मातीचे हात तसेच घेऊन जिन्यात येऊन उभे राहिले. दीदी मान न हलवता बसल्या होत्या, जशा काकू त्यांच्यापुढे बसल्या असतील. फरशीवर एक चेहरा तरंगत वर येत होता: डोळे देवीसारखे कानापर्यंत गेलेले, नाक सरळ, केसांच्या जागी वेलबुट्टी. किती वेळ गेला ते मला आजही सांगता येणार नाही; घड्याळ माझ्या मनगटावरच होते. शेवटी काकूंनी ओठांवर सावली द्यायला अंगठा फिरवला, आणि दीदींना झुपकेदार मिशा फुटल्या.

काकू बघतच राहिल्या.

“काकी,” दीदी हळूच म्हणाल्या, “ये मूँछें किसकी हैं?”

आधी काकूच हसल्या. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “सावली देणं सोपं नाही गं बाई,” त्या आम्हा सगळ्यांना म्हणाल्या. पाटी राहू द्या, असा हुकूम झाला. निघताना त्यांनी दीदींना कुंकू लावले. “अगली थंडी में आई, तो इधर जिने चढने नको. हमारे घर उतरना.”

संध्याकाळी आई तबक पुसत होती.

“बनारसला हिंदीच बोलतात ना?”

“हो.”

“मग तिथल्या पाट्या दोन्ही कानांनी वाचत जा.” तिने तबक उपडे ठेवले. “दौत आण. ह्यांना लिहायचंय.”