गुलाबी चिठ्ठीवरची तारीख

गुप्तरोगाच्या ओपीडीत बारा वर्षं काउन्सेलर आहे. इथले किस्से घरी सांगता येत नाहीत आणि पोटात मावत नाहीत, म्हणून नावं बदलून तुम्हाला सांगते. आमच्याकडे नियम आहे, गोळ्यांसोबत पेशंटला एक गुलाबी चिठ्ठी द्यायची. ती त्याने पार्टनरला द्यायची, की तूही येऊन तपासून घे. गोळ्या सगळे घेतात. चिठ्ठी द्यायची म्हटलं की भल्याभल्यांची बोबडी वळते.

*

एक भिया, म्हणजे आमच्याकडचे दादा, आले. त्रास मित्राला आहे म्हणाले, मित्र फार लाजतो. डॉक्टरांनी मित्राला इंजेक्शन लिहिलं. भिया जरा विचारात पडले, मग पडद्यामागे जाऊन पालथे झोपले आणि सिस्टरला म्हणाले, "मित्राचं इथेच देऊन टाका."

*

महूच्या एका पोरीने होणाऱ्या नवऱ्याला पोहे खायला बोलावलं आणि थेट माझ्यासमोर आणून बसवलं. तुम्हीच सांगा म्हणाली. मी सांगितलं. त्याने गुलाबी चिठ्ठी दोनदा वाचली. मग तिच्याकडे बघून म्हणाला, "पण पोहे खायचेत ना?" खाऊन आले दोघं, मग तपासणी झाली.

*

पण सुहासजींचा किस्सा म्हणजे कमाल. छत्रीबागेतले मास्तर. ट्रेनिंगला भोपाळला गेले आणि तिथे पाय घसरला. माझ्यासमोर रडले बिचारे. बायको वृंदाजी सोडून जातील, एवढीच भीती. चिठ्ठी खिशात घालून तिला खजरान्याच्या देवळात घेऊन गेले, म्हणे गणपतीसमोर ती चिडणार नाही. तिथे तिने विचारलं, काय मागितलंत? तर म्हणाले, ट्रान्सफर होऊ नये.

दुसऱ्या दिवशी वृंदाजी माझ्यासमोर हजर. पँट धुवायला घेताना चिठ्ठी हाताला लागली, वाचली, परत खिशात ठेवली. फार दुखावल्या होत्या. तपासणी करून गोळ्या घेतल्या आणि म्हणाल्या, "त्यांना कळू देऊ नका. स्वतःच्या तोंडाने सांगितलं तर राहीन, नाहीतर उज्जैनला आईकडे."

नियमाप्रमाणे मी त्यांनाही गुलाबी चिठ्ठी दिली, पार्टनरला द्यायला. तेव्हा कुठे त्या जराशा हसल्या.

पुढचे आठ दिवस सुहासजींचा रोज फोन. आज तिचा उपास आहे, आज पाहुणे आहेत, आज मूड ठीक नाही. वर म्हणायचे, किती भोळी आहे हो, तिला काही पत्ताच नाही. पेशंटचं गुपित, मी काय बोलणार? जीभ चावून मी एवढंच म्हणायचे, आजच सांगा.

नवव्या दिवशी धापा टाकत आले. सकाळी चहा गाळता गाळता एकदाचं सगळं सांगून टाकलं होतं. वृंदाजी रडल्या, चार शब्द सुनावले, मग डाळीच्या डब्यातून एक गुलाबी चिठ्ठी काढून यांच्या हातात ठेवली आणि दुपारी जेवायला वेळेवर या म्हणाल्या.

ती चिठ्ठी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. तारीख नऊ दिवसांपूर्वीची, खाली माझी सही.

"मॅडम, वृंदा तुमच्याकडे आली होती?"

"सुहासजी," मी म्हटलं, "दुसऱ्या पेशंटची माहिती आम्ही कोणाला देत नाही."