तोंडात धरलेला घोट

काहीही विचारा, ड्रायव्हरमामा आधी एक बोट वर करायचे. गाल फुगलेले, डोळे मिटलेले. तोंडातलं कोल्ड्रिंक दहा वेळा खळखळवून गिळलं की मगच म्हणायचे, "हां सायेब, आता इचारा." तोवर उरवड्याच्या आमच्या कारखान्याच्या गेटवर मालाचं चलन हातात धरून मी ताटकळत.

स्वतःच्या अकलेवर असा खूश माणूस तुम्हीही पाहिला असेल. यांचा शोध असा: टेम्पोच्या बॅटरीवर चढलेला क्षार कोल्ड्रिंक ओतलं की निघतो, मग दातांवरचे मशेरीचे डाग का निघणार नाहीत?

"बॅटरी चकाचक व्हती. दात काय त्येच्यापरीस कडक हायेत का?"

"नाहीत, मामा. तेच म्हणतोय मी."

शिवाय इंदूरच्या खेपेला झोप येऊ नये म्हणून ढाब्यावरची गोळी. गोळीनं तोंड कोरडं पडायचं, म्हणून पुन्हा बाटली. गाडीतून उतरल्यावरही गोळीच्या अमलात दात करकर खात राहायचे. "गोळी सोडा" हे मी इतक्यांदा सांगितलं, की शेवटी मलाच माझा कंटाळा आला.

मामा मंगलाष्टका म्हणायचे. रिह्याच्या खोऱ्यात त्यांच्या आवाजाशिवाय लग्न लागत नसे. आता वैशाखात त्यांच्याच एकुलत्या लेकीचं लग्न होतं. "पोरीला मीच म्हननार. ती जल्मली तवाच ठरलंय."

दाताच्या डॉक्टरकडे मीच ओढत नेलं. डॉक्टर म्हणाले, "बाटलीनं वरचा थर खाल्ला, गोळीनं लाळ आटवली, उरलेलं तुम्ही चावून झिजवलंत."

मामांनी एवढंच विचारलं, "वैशाखापत्तूर ऱ्हातील का?"

नाही राहिले. चैत्रात पुढचे चार तुटले, तेही मऊ भात खाताना. मुळं काढली. हिरड्या भरून येईपर्यंत कवळी बसणार नव्हती. तेव्हापासून मामा तोंडावर हात धरूनच बोलायचे.

लग्नात माइक त्यांच्याच हातात आला. पहिल्या ओळीला नुसती हवा निघाली. मांडवात कुणीतरी फिसकन हसलं. मामांनी माइक शेजारी उभ्या असलेल्या माझ्या हातात दिला. "तुमी म्हना, सायेब."

मला धड सूर नाही, शब्दही पाठ नाहीत. तेव्हा मामा माझ्यासमोर आले, तोंडावरचा हात काढला आणि ते पोकळ तोंड उघडून, आवाज न करता, एकेक शब्द जुळवून दाखवू लागले. मी त्यांचे ओठ वाचत म्हणत गेलो. भयंकर बेसूर. अंतरपाटाआड उभी असलेली मुलगी मान वळवून बघत होती; माझ्याकडे नव्हे, बापाच्या ओठांकडे.