गंगेच्या पदाचं चौथं कडवं

देवदत्ताला एका जागी स्वस्थ बसलेला मी कधी पाहिला नाही. गंगाकाठच्या आमच्या दूधविनायक गल्लीत, अगदी समोरच्या दारात राहायचा. पाठशाळेत मास्तर, पण खरा जीव पदं रचण्यात. कुणीही वही घेऊन यावं, पद उतरवून न्यावं, चाल बदलून गावं. अट एकच: शेवटचं कडवं गाळायचं नाही. त्यात 'देवदत्त म्हणे' असायचं ना!

चौऱ्याण्णव साली पलीकडच्या काठावर, रामनगरात कॅसेटचं दुकान असलेल्या प्रल्हादने त्याच्या गंगेच्या पदाची कॅसेट काढली. देवदत्ताने छदामही घेतला नाही. कॅसेट लावली, तिसरं कडवं झालं आणि खट्! बाजू संपली. वेष्टनावर छापलेलं: 'पारंपरिक'.

झालं! गडी जेवता जेवता उठे, गल्लीच्या टोकाला जाई, परत येई.

त्याची बायको, आमच्या कालिंदीवहिनी, म्हणाल्या, "वाटलंत ना फुकट? मग आता कशाला तडफडताय?"

"पद वाटलं गं, नाव नाही वाटलं!"

शेवटी रामनगरला जायला मला ओढून नावेत बसवलं. स्वतः मात्र उभाच! नावाडी ओरडला, "बैठिए मास्टरजी, डुबाइएगा का?"

प्रल्हाद भला माणूस. म्हणाला, "चुकलंच, काका. पुढच्या खेपेला नाव छापतो. पण नाव आलं की खाली ती ओळ येतेच: परवानगीशिवाय नक्कल करू नये."

देवदत्ताने दुकानातल्या दुकानात चार फेऱ्या मारल्या. "म्हणजे वहीत कुणी उतरवायचं नाही?"

"कायद्याने नाही."

"मग राहू दे तुझं पारंपरिक!"

परतताना नावेत बसला खरा, पण गुडघा सारखा हलत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अहिल्याबाई घाटावर बायका तेच पद गात होत्या, कॅसेटवरून शिकलेलं. तिसरं कडवं संपलं, शेजारच्या गीताने टाळ खाली ठेवले. हा कमरेइतक्या पाण्यात. तिथूनच त्याने चौथं सुरू केलं. आवाज फाटलेला, अंगावरून पाणी निथळतंय!

"अय्या, काका, हे कुठलं?"

"माझं. लिहून घ्या, आणि पुढे द्या."

"आत्ता? हात ओले आहेत हो!"

"मग पाठ करा!"

तीनदा म्हणवून घेतलं. पाठशाळेला उशीर झाला तो झालाच.

पुढे कुठे ते पद लागलं की आम्ही ओट्यावर बसून कडवी मोजायचो. एक, दोन, तीन... आणि गल्लीतून त्याच्या चपलांची फटफट ऐकू यायचीच.