अक्रा काकांची काळी चटणी

अक्रा काका थापा मारतात, याबद्दल मला पहिल्या दिवसापासून खात्री होती. जर्मनीत, बॉबलिंगेनमध्ये आमच्याच इमारतीत ते आणि काकू मुलाकडे राहत. तरुणपणी काकूंना रत्नागिरीला ठेवून ते तीन वर्षं घानाच्या राजधानीत, अक्राला, यंत्रं बसवायला गेले होते, असं तेच सांगत. फोटो एकही नाही. कॅमेरा म्हणे समुद्रात पडला.

कुठलाही विषय अक्राला नेऊन पोहोचवायची त्यांना सवय. ट्रेनमध्ये गर्दी दिसली की मकोला बाजार, ब्रेड कडक निघाला की आलं-तिखट लावून तळलेली केळी. "केलेवेले म्हणतात त्याला. नुसत्या वासाने माणूस रस्ता बदलतो." तिथे मोटारीच्या, माशाच्या आकाराच्या शवपेट्या बनवतात, हे ऐकल्यावर मात्र मी सरळ "काका, पुरे" म्हणालो.

"घे संशय. जाऊन बघ, मग बोल," ते शांतपणे म्हणाले.

त्यांचं शाकाहारी सोवळं मोठं कडक. केकमध्ये अंडं आहे का, हे बेकरीतल्या बाईला तीन-तीनदा विचारत. असा माणूस तिथे तीन वर्षं खात काय होता? विचारलं तर म्हणत, "वाचे. भात आणि चवळी, पानात बांधलेली. वर मिरचीची काळी चटणी."

मागच्या वर्षी ऑफिसने मलाच आठवडाभर अक्राला पाठवलं. मी काकांना पकडायच्या तयारीनेच गेलो. त्यांनी ब्रेडच्या पिशवीवर काढून दिलेला नकाशा खिशात होता. बघतो तर काय, काळ्या चांदणीची कमान जिथल्या तिथे! जेम्सटाउनचा लाल-पांढरा दीपस्तंभही. शवपेट्यांच्या दुकानात एक लाकडी मासा रंग वाळवत पडला होता. वाचेवालीला मी डाव्या हाताने नोट दिली, तर तिने घेतली नाही. तेही काकांनी बजावलं होतं. मला माझीच लाज वाटली.

त्यांनी एकच वस्तू मागितली होती, ती चटणी. तिथे तिला शितो म्हणतात. बरणी घेतली आणि सवयीने लेबल वाचलं. मिरची, सुके मासे, सुका जवळा. आली का पंचाईत! सांगावं तर म्हातारा माणूस हाय खाईल, न सांगावं तर माझ्या हाताने पुन्हा बाटेल.

परत आल्यावर काकूंच्या देखत बरणी काढली. "काका, जरा सांगायचं होतं, यात..."

"गेनाऊ, अगदी बरोबर, मिरची आहे," काका घाईने म्हणाले आणि नखाने लेबल खरवडायला लागले. "हे आधीच काढलेलं बरं. धुताना त्रास होतो." मग बरणी स्वयंपाकघरात न ठेवता थेट खाली तळघरातल्या खोलीत, केलरमध्ये घेऊन गेले. मी त्यांच्या एकूण एक गोष्टीवर संशय घेतला होता, फक्त सोवळ्यावर घेतला नव्हता.

या जानेवारीत काका गेले. केलर आवरायला मी काकूंच्या मदतीला गेलो, तेव्हा जुन्या बॅगांमागे ती बरणी सापडली, चाटूनपुसून रिकामी.

"मिरचीची होती ना रे?" काकूंनी विचारलं.

"हो काकू. मिरचीची."

"अरे, मी रत्नागिरीची. सुकटीचा वास मला कळत नाही?"

"मग कधी बोलला नाहीत?"

"खालून वर यायचे तेव्हा किती खुशीत असायचे. कशाला बोलू?" काकूंनी बरणी पुसून माझ्या हातात दिली. "ऑफिस परत पाठवेल तेव्हा अशीच एक आण. वर्षश्राद्धाला त्यांच्या पानात वाढायची आहे. गुरुजींना मिरचीची म्हणून सांगू."